रसिकाचा अभिप्राय : जपानी चित्रकथा, चलच्चित्रें आणि त्यांचें संगीत

नाटक पाहून मंडळींचीं पावलें घराकडे वळलीं, कीं वाटेंतच परीक्षणाला प्रारंभ होतो. नायकाचें काम ठीक होतें, दुसऱ्या अंकांतलें पद फारच लांबलें, पडदे मात्र नवे होते, अशा थाटाचें हें परीक्षण असतें. तें कोठें छापून येत नाहीं, त्याला शास्त्राचा आधार नसतो आणि तें करणारास कोणी टीकाकार म्हणत नाहीं. तथापि दुसऱ्या प्रयोगाला नाट्यगृह भरतें कीं रिकामें राहतें, हें विद्वत्तापूर्ण लेखापेक्षां या वाटेवरील बोलण्यावरच पुष्कळ वेळां ठरतें. अशा हौशी अभिप्रायाचें सामर्थ्य किती, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि तो न्याय्य व्हावा म्हणून रसिकानें काय ध्यानांत ठेवावें, या प्रश्नांचा विचार करावयास जपानांतील मांगा आणि ॲनिमे यांच्यासारखें उदाहरण क्वचितच सांपडेल.

मांगा म्हणजे चित्रकथा. हा शब्द चिनी लिपींतील दोन चिन्हांनीं लिहितात. पहिल्याचा अर्थ स्वैर किंवा मनमोकळें, दुसऱ्याचा अर्थ चित्र. होकुसाइ या थोर जपानी चित्रकाराच्या रेखाटनांच्या संग्रहास हेंच नांव होतें. त्याचा पहिला भाग १८१४ सालीं निघाला आणि पंधरावा, म्हणजे अखेरचा भाग चित्रकाराच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनीं, १८७८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु आज मांगा म्हणून जी वस्तु जगभर वाचली जाते, तिला आकार देण्याचें श्रेय मुख्यत्वें ओसामु तेझुका (१९२८–१९८९) याजकडे जातें. हा गृहस्थ वैद्यकाचा पदवीधर होता. परंतु नाडीपेक्षां लेखणीच त्याच्या हातीं अधिक रमली. १९४७ सालीं निघालेल्या त्याच्या ‘शिन ताकाराजिमा’ या पुस्तकापासून जपानी चित्रकथेंत बोलपटाची दृष्टि शिरली. एकच प्रसंग दुरून, जवळून, वरून, खालून असा चौकटी बदलीत दाखवावयाचा, आणि वाचकाच्या डोळ्यांना पानावरच धांव घ्यावयास लावावयाचें, ही ती दृष्टि होय.

जपानी पुस्तक मराठी पुस्तकाच्या उलट बाजूनें उघडतें आणि त्यांतील चौकटी उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या असतात. चित्रें बहुधा काळ्या शाईचीं. पाऊस, पावलें, दार लोटणें यांचे आवाजही अक्षरांनींच, चित्राच्या अंगांत मिसळून लिहिलेले असतात. या कलेंतील खरी गंमत मात्र दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टींत आहे. एका चौकटींत उगारलेला हात आणि दुसरींत जमिनीवर पडलेला चहाचा पेला दिसला, कीं मधली घटना वाचक आपल्या मनांत घडवून घेतो. काळाचा वेग असा वाचकाच्याच स्वाधीन असतो. तो एखाद्या पानावर पांच मिनिटें रेंगाळूं शकतो किंवा दहा पानें एका दमांत संपवूं शकतो.

ॲनिमेचें तसें नाहीं. ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचें हें जपानी संक्षिप्त रूप, आणि जपानांत तें कोणत्याही देशाच्या हलत्या चित्रांना लावतात. येथें काळ दिग्दर्शकाच्या हातीं असतो. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदास चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे वीस मिनिटांच्या खेळास अठ्ठावीस हजार आठशें चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीस नवें चित्र काढावयाचें म्हटलें, तर दर आठवड्यास एक भाग देणें कोणाही कारखान्यास अशक्य होय. १ जानेवारी १९६३ रोजीं तेझुकाच्या संस्थेची ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रबालकाची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हां ही अडचण तिच्यापुढें उभी होती. तिनें मार्ग काढला तो असा : एक चित्र तीन चौकटी टिकवावयाचें, म्हणजे सेकंदास आठ चित्रें पुरतात, बोलतांना केवळ ओठ हलवावयाचे, धांवण्याचें किंवा उडण्याचें दृश्य एकदां काढून पुनः पुनः वापरावयाचें, आणि जेथें हालचाल परवडत नाहीं तेथें स्थिर चित्रावरून दृष्टि हळूं हळूं फिरवावयाची.

ही काटकसर प्रथम गरज होती. पुढें तीच शैली झाली. एका निश्चल मुखावर क्षणभर थांबलेली दृष्टि, वाऱ्याविना उभें असलेलें झाड, रिकामा रस्ता आणि दूरवर रातकिड्यांचा आवाज, यांतून जपानी दिग्दर्शकांनीं मौनाचा एक नवाच अलंकार निर्माण केला. म्हणून ‘यांत चित्रें पुरेशीं हलत नाहींत’ असा शेरा मारण्यापूर्वीं रसिकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा. येथील स्थिरता दारिद्र्यामुळें आली आहे, कीं प्रसंगानें ती मागितली आहे? दोन्ही प्रकार या कलेंत विपुल आहेत, आणि त्यांतील भेद ओळखणें हीच परीक्षणाची पहिली पायरी होय.

आतां संगीताकडे वळावें. दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या आरंभीं आणि शेवटीं सुमारें दीड दीड मिनिटाचें एकेक गीत असतें. नांदीप्रमाणें तें प्रेक्षकाच्या मनाची बैठक तयार करतें. तेझुकाच्या यंत्रबालकाच्या गीताचे शब्द शुन्तारो तानिकावा (१९३१–२०२४) या जपानच्या अग्रगण्य कवीनें लिहिले होते. मुलांच्या खेळासाठीं लिहावयास एवढ्या मोठ्या कवीस कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पुढें या संगीतानें चित्रापासून स्वतंत्र असें आयुष्यही मिळविलें. ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या मालिकेसाठीं हिरोशि मियागावा यानें दिलेलें संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठीं नव्यानें मांडून १९७७ सालीं ध्वनिमुद्रिकेच्या रूपानें विक्रीस आलें, आणि चित्र डोळ्यांपुढें नसतांही लोक तें ऐकूं लागले.

या ‘यामातो’ची हकीकत हौशी रसिकाच्या सामर्थ्याची साक्ष देणारी आहे. ती मालिका ऑक्टोबर १९७४ मध्यें सुरू झाली. रविवारीं सायंकाळीं ज्या वेळीं ती दाखवीत, नेमक्या त्याच वेळीं दुसऱ्या वाहिनीवर आल्प्स पर्वतांतील हायडी या बालिकेची लोकप्रिय कथा चालूं होती. ‘यामातो’कडे प्रेक्षक फिरकेनात. एकोणचाळीस भागांची योजना सव्वीस भागांवर आटोपती घ्यावी लागली. व्यवहाराच्या दृष्टीनें तो विषय तेथेंच संपला होता. परंतु पुनःप्रक्षेपणांत ज्या तरुणांनीं ती पाहिली, त्यांनीं मंडळें स्थापिलीं, हस्तपत्रिका काढल्या, मित्रांस बोलावून दाखविली. ऑगस्ट १९७७ मध्यें मालिकेचेंच संकलन करून काढलेला चित्रपट लागला, तेव्हां चित्रगृहांपुढें तरुणांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७९ सालच्या ‘गुंदाम’ या मालिकेचेंही भाग्य असेंच. बावन्न भागांऐवजीं ती त्रेचाळिसांवर थांबली. मागाहून पुनःप्रक्षेपण, खेळण्यांच्या प्रतिकृति आणि १९८१–८२ मधील तीन चित्रपट यांनीं तिला असें उचलून धरलें, कीं तिचीं नवीं नवीं रूपें आजही निघतात.

याची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. ‘शोनेन जंप’ हें जपानी साप्ताहिक १९६८ सालीं सुरू झालें आणि १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्याच्या एका अंकाच्या प्रतींनीं पासष्ट लाखांचा आंकडा ओलांडला. या साप्ताहिकानें वर्षानुवर्षें एक प्रथा पाळिली. अंकासोबत एक पत्र जोडावयाचें. वाचकानें आपणांस आवडलेल्या तीन कथा त्यावर लिहून पाठवावयाच्या. आणि आलेल्या पत्रांवरून कथांचा क्रम लावावयाचा. जी कथा सतत तळाशीं राहते, ती बंद होते. कित्येकदां दहाबारा आठवड्यांतच तिचा गाशा गुंडाळला जातो. शाळेंतून आलेला बारा वर्षांचा मुलगा जेवणापूर्वीं दोन मिनिटांत जें पत्र लिहितो, त्याच्या भरीवर एखाद्या चित्रकाराचें वर्षांचें स्वप्न तरतें किंवा बुडतें. हौशी मत निरुपद्रवी असतें, ही समजूत येथें टिकत नाहीं. ज्याच्या शब्दानें दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न सुटतो किंवा अडतो, त्यानें शब्द तोलूनच वापरला पाहिजे.

मग तो तोलावा कसा? पहिला नियम असा, कीं आपण कोणत्या रूपाविषयीं बोलत आहों, तें रसिकानें आधीं स्पष्ट करावें. बहुतेक प्रसिद्ध कथा आधीं मांगा म्हणून जन्मतात, मग ॲनिमे होतात, आणि त्यांच्या गीतांचें तिसरेंच आयुष्य सुरू होतें. ही तीन भावंडें होत. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारणें हा अन्याय आहे. हिरोमु आराकावा या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही कथा या दृष्टीनें उद्बोधक आहे. होक्काइदो बेटावरील गवळीवाड्यांत वाढलेल्या या बाईंनीं २००१ ते २०१० या काळांत एका मासिकांतून ती लिहिली व चितारली. मृत आईला परत आणण्यासाठीं दोन भाऊ किमयाविद्येचा निषिद्ध प्रयोग करतात. त्यांत थोरला एक हात व एक पाय गमावतो, धाकट्याचें सारें शरीर जातें. जें मिळवावयाचें त्याच्या तोलाचें कांहीं द्यावें लागतें, हा या कथेचा कणा.

या कथेवर दोनदां मालिका झाली. पहिली २००३ सालची, एकावन्न भागांची. ती निघाली तेव्हां मूळ कथा अर्ध्यावरही आली नव्हती. साप्ताहिक मालिका मासिक कथेस पाहतां पाहतां गांठते. तेव्हां एक तर मध्येंच भरतीचे प्रसंग घालावे लागतात किंवा वेगळी वाट धरावी लागते. पहिल्या मालिकेनें लेखिकेच्या संमतीनें वेगळी वाट धरिली आणि आपला स्वतंत्र शेवट रचिला. दुसरी मालिका २००९–१० सालची, चौसष्ट भागांची. ती मूळ कथेबरोबर चालली आणि तिच्याबरोबरच संपली. पहिलीस मिचिरु ओशिमा यांचें संगीत आहे, दुसरीस आकिरा सेंजु यांचें. आतां पहिली मालिका ‘मूळाशीं इमान राखीत नाहीं’ म्हणून टाकाऊ ठरविणारे अनेक भेटतात. परंतु जें मूळ तेव्हां लिहिलेंच गेलें नव्हतें, त्याच्याशीं इमान कसें राखावयाचें? तिचें परीक्षण करतांना तिनें निवडलेल्या वाटेवर ती किती सचोटीनें चालली, एवढेंच पाहणें योग्य. भरतीचे प्रसंग कां येतात, हें ज्यास ठाऊक आहे, तो रसिक रागावला तरी त्याचा राग योग्य ठिकाणीं पडतो.

दुसरा नियम, संगीताचें माप स्वतंत्र असावें, परंतु चित्राशीं असलेला त्याचा संबंध विसरूं नये. हायाओ मियाझाकी यांची ‘वाऱ्याच्या खोऱ्यांतील नौसिका’ ही चित्रकथा १९८२ च्या आरंभापासून ‘आनिमेज’ मासिकांत येऊं लागली. नायिकेचें नांव होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांतील राजकन्येवरून घेतलें आहे, आणि किड्यांवर प्रेम करणाऱ्या एका प्राचीन जपानी कथेंतील राजकन्येची छाया तिच्यावर पडली आहे. चित्रपट ११ मार्च १९८४ रोजीं प्रदर्शित झाला. तत्पूर्वींच, १९८३ सालीं, जो हिसाइशी या तेव्हां फारशा प्रसिद्ध नसलेल्या संगीतकारानें केवळ कथेच्या कल्पनेवरून एक ध्वनिमुद्रिका तयार केली होती. चित्र पूर्ण होण्याआधींच त्याचें भावविश्व सुरांत उभें करणाऱ्या अशा ध्वनिमुद्रिकेस जपानांत ‘प्रतिमेची मुद्रिका’ अशा अर्थाचें नांव आहे. तीच ऐकून निर्मात्यांनीं चित्रपटाचें संगीत त्याच्याकडे सोंपविलें. उलट, हारुओमि होसोनो या नामांकित संगीतकारानें चाल दिलेलें, चित्रपटाच्याच नांवाचें गीत जाहिरातीसाठीं लोकप्रिय झालें, तरी चित्रपटांत त्यास जागा मिळाली नाहीं. चित्रपटांत खरें हृदयाला भिडतें तें हिसाइशीच्या सुमारें चार वर्षांच्या कन्येनें बोबड्या आवाजांत गुणगुणलेलें एक साधें पद. तयारीच्या गळ्यांतून आलेलें गाणें अधिक सुरेल झालें असतें. परंतु बालपणाची आठवण सांगणाऱ्या त्या प्रसंगास तें परकें वाटलें असतें. सुरेलपणा आणि औचित्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें कळतें.

कधीं संगीतच पुढें होतें आणि चित्र त्याच्या मागून येतें. शिनिचिरो वातानाबे याच्या १९९८ सालच्या ‘काउबॉय बीबॉप’ या सव्वीस भागांच्या मालिकेसाठीं योको कान्नो या विदुषीनें जाझ संगीताचा आधार घेतला. न मागितलेल्या चालीही ती करून पाठवी, आणि त्या ऐकून दिग्दर्शकास नवे प्रसंग सुचत. ‘पार्श्वसंगीत’ हा शब्द अशा वेळीं तोकडा पडतो.

तिसरा नियम, आपण पाहिलेली प्रत अस्सल कीं बदललेली, याची चौकशी करावी. ‘नौसिका’ अमेरिकेंत प्रथम गेली, ती सुमारें वीस मिनिटें कापून, नांव आणि आशय बदलून. ती पाहून ज्यांनीं मियाझाकींस नांवें ठेविलीं, त्यांनीं वास्तविक कात्रीचें परीक्षण केलें होतें. त्या अनुभवानंतर एकही तुकडा न कापण्याची अट मियाझाकींच्या संस्थेनें परदेशी वितरकांस घालण्यास आरंभ केला.

भारतीय घरांना हा नियम परक्याच्या उदाहरणावरून शिकण्याचें कारण नाहीं. १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं जी ‘जंगल बुक’ मालिका लागे, ती जपानांत १९८९ सालीं तयार झालेली होती. तिचें हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनीं लिहिलें, विशाल भारद्वाज यांनीं त्यास चाल दिली, आणि शेरखान वाघास नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. त्या काळीं लहान असलेल्या पिढीच्या ओठीं आजही तें गीत आहे. मूळ जपानी गीत त्यांपैकीं फारच थोड्यांनीं ऐकलें असेल. तेव्हां ‘त्या मालिकेचें संगीत किती गोड!’ असें कोणी म्हणाला, तर त्याची आवड खरी आहे; परंतु ती जपानची स्तुति नसून मुंबईची आहे. दोन देशांचें उघड सहकार्य पाहावयाचें असेल, तर युगो साको यांच्या पुढाकारानें तयार झालेला रामायणावरील चित्रपट पाहावा. कोइचि सासाकी आणि मुंबईचे राम मोहन (१९३१–२०१९) हे त्यांचे सहदिग्दर्शक, संगीत वनराज भाटिया यांचें. १९९३ सालच्या आरंभीं तो भारतांत महोत्सवांत दाखविला गेला. त्या वेळीं त्याच्या वांट्यास मोठा प्रेक्षकवर्ग आला नाहीं. परंतु ज्या मुलांनीं तो पुढें घरच्या पडद्यावर पाहिला, त्यांनीं मोठेपणीं त्याची आठवण जागती ठेविली, आणि जानेवारी २०२५ मध्यें तो भारतांतील चित्रगृहांत पुन्हां झळकला. ‘यामातो’ची कथा येथें निराळ्या वेषांत पुन्हां घडली.

कलाकृति कोणत्या सोबतींत आली, हेंही पाहण्यासारखें असतें. एप्रिल १९८८ मध्यें टोकियोच्या एका संस्थेचे दोन चित्रपट एकाच तिकिटांत दाखविले गेले. एक मियाझाकींचा ‘माझा शेजारी तोतोरो’, वनराईंतल्या लोभस प्राण्याचा आणि दोन बहिणींचा. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा ‘काजव्यांचें थडगें’, १९४५ सालच्या बाँबहल्ल्यानंतर कोबे शहरांत उपासमारीनें मरणाऱ्या भावाबहिणीचा. दोहोंतही दोन भावंडें आणि आजारी आई आहे. एका चित्रांत शेजारी सावरतात, दुसऱ्यांत नातलगही पाठ फिरवितात. एकामागून एक पाहणारास या दोहोंनीं मिळून जें सांगितलें, तें एकच पाहून ‘फार रडकें’ किंवा ‘फार बाळबोध’ म्हणणारास कळणें कठीण.

एवढें वाचून एखाद्यास वाटेल, कीं साध्या प्रेक्षकानें बोलूंच नये. तसें मुळींच नाहीं. पंडिताची टीका तर्कानें चालते, म्हणून ती पुष्कळदां उशिरा पोहोंचते. हौशी रसिक आपल्या आनंदाची वार्ता ताबडतोब शेजाऱ्याला देतो. ‘यामातो’ला पंडितांनीं वांचविलें नाहीं. ‘मला रडूं आलें’ हें सांगावयास कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते, आणि तें खरें असेल तर त्याइतका मोलाचा पुरावा दुसरा नाहीं. अन्याय होतो तो भावनेनें नव्हे, तर भावनेस निवाड्याचा झगा चढविल्यानें. ‘मला कंटाळा आला’ हें सत्य असतें. ‘यांत कांहींच नाहीं’ हा निकाल असतो, आणि निकालास साक्षीपुरावा लागतो. एक भाग पाहून सव्वीस भागांचा, कापलेली प्रत पाहून मूळ कलेचा, गीत आवडलें नाहीं म्हणून चित्रांचा निकाल देणें, हें एकाच साक्षीदारावर फांशी देण्यासारखें होय.

शेवटीं एक लहानशी संवय सुचविण्याजोगी आहे. मालिकेच्या अखेरच्या गीताबरोबर नांवांची एक यादी पडद्यावर सरकते. बहुतेक घरांत त्या क्षणीं दिवा लागतो आणि पानें मांडलीं जातात. त्या यादींत मधलीं चित्रें काढणारीं तरुण मुलेंमुली असतात; त्यांतील पुष्कळांस चित्रामागें ठरलेल्या दरानें, तोही अल्प, मोबदला मिळतो. पार्श्वभूमीवरील ढग रंगविणारे, आवाज देणारे, व्हायोलिन वाजविणारे यांचीं नांवेंही तेथेंच असतात. तें दीड मिनिट बसून तीं नांवें पाहणारा रसिक दुसऱ्या दिवशीं बोलेल तें कदाचित् थोडें कमी बोलेल. परंतु त्याच्या स्तुतींत उमज असेल आणि निंदेंत क्रूरता नसेल. दीड मिनिटाच्या मोबदल्यांत एवढी न्यायबुद्धि पदरांत पडत असेल, तर पानें थोडीं उशिरा मांडण्यास हरकत नसावी.